सत्तावीस नंबरची कुपी

मंगळवार, १० मार्च
चौथा मजला, खिडकीकडून दुसरी खाट

ज्यांच्या हाती ही कुपी पडेल त्या साहेबांस,

नमस्कार. कुपीतलं पाणी माझं आहे. पाणी म्हणतो, कारण दुसरा बरा शब्द सुचत नाही.

काल माझ्या मोठ्या आतड्याचा वीतभर तुकडा कापून काढला आणि उरलेली दोन टोकं एकमेकांना जोडली. पोटात एक रबरी नळी ठेवली आहे आणि तिचं दुसरं टोक खाटेला लटकवलेल्या बाटलीत सोडलं आहे. आज सकाळी सात वाजता सिस्टरनी त्या नळीतून सिरिंजने थोडं लालसर पाणी ओढलं, कुपीत भरलं, वर '२७' अशी पट्टी चिकटवली आणि कुपी मावशींच्या निळ्या डब्यात ठेवली.

मी विचारलं, "मावशी, हे चाललं कुठे?"

"तळघरात."

"तिथे काय करतात त्याचं?"

"मी दारातूनच देते. आत कोण काय करतं देव जाणे."

आता तुम्हीच सांगा, माझ्या पोटातली वस्तू रोज तळघरात जाणार आणि तिथे तिचं काय होतं हे मलाच ठाऊक नाही. ऑपरेशनच्या आधी चष्मेवाल्या डॉक्टरांनी एक कागद वाचून दाखवला होता, मी सहीही केली. पण माझं सगळं लक्ष त्यांच्या पेनाकडे होतं. टोपण न लावताच ते पेन खिशात घालत होते.

मी चाळीस वर्षं लोकांना गाडी चालवायला शिकवली. शिकणारा स्टिअरिंगवर, शेजारी मी, आणि माझ्या पायाखाली जास्तीचा ब्रेक. गाडी कुठे चालली आहे हे माहीत नसताना नुसतं बसून राहायची मला सवय नाही. फुरसत असेल तर दोन ओळी पाठवा.

आपला,
सत्तावीस

ता. क. मावशींना बोलू नका. त्या अकराला डबा घेऊन दुसरी फेरी मारतात, तेव्हा चिठ्ठी डब्यात मीच सरकवली.


मंगळवार, १० मार्च, दुपार
तळघर, प्रयोगशाळा

सत्तावीस नंबर यांस,

पहिली गोष्ट, मी साहेब नाही, बाई आहे. दुसरी गोष्ट, असं पत्र पाठवायचं नसतं. मी तुम्हाला ओळखू नये म्हणूनच तुम्हाला नाव काढून नंबर दिला आहे. पण प्रश्न रास्त आहे, म्हणून एकदाच उत्तर देते.

तुमच्या आतड्याचा जोड बहुतेक वेळा नीट भरून येतो. शंभरातल्या काही जणांचा मात्र गळतो. गळती लागली तरी ताप, पोटदुखी वगैरे दिसायला पाच-सहा दिवस जातात, कधी आठही. तोवर आत बराच घोटाळा झालेला असतो. आम्ही शोधतोय ते एवढंच, की जोडाच्या शेजारी साचणारं पाणी ही बातमी आधी देतं का.

त्या पाण्यात मी दोन गोष्टी मोजते. एक लॅक्टेट. पेशींना रक्त कमी पडलं की ते वाढतं. दुसरं इंटरल्यूकिन नावाचं प्रथिन. कुठे दाह सुरू झाला की पेशी एकमेकींना हाक मारतात, ती हाक म्हणजे हे प्रथिन समजा. ऑपरेशननंतर पहिल्या दिवशी दोन्ही सगळ्यांचीच चढलेली असतात. मग रोज उतरत जायला हवीत.

आकडे मी वहीत लिहिते आणि वही कपाटात ठेवते. वॉर्डात कळवत नाही. हे अजून सिद्ध झालेलं नाही, आणि कच्च्या माहितीवर कुणाचं पोट उगाच उघडलं जायला नको. साठ रुग्ण पूर्ण झाले की सगळं एकत्र पडताळून बघायचं, असं ठरलं आहे.

पुन्हा लिहू नये, ही विनंती.

प्रयोगशाळा तंत्रज्ञ


बुधवार, ११ मार्च

तळघरातल्या ताईंस,

पुन्हा लिहू नये असं लिहिलंत, पण कागद दोन्ही बाजूंनी भरलात. त्यावरून मी माझा अर्थ काढला.

तुम्ही सांगितलेलं सगळं समजलं. इंजिन तापायच्या आधी समोर लाल दिवा लागतो, तसला दिवा तुम्ही शोधताय. चांगलं काम आहे. पण दिवा लागला तर तो तुमच्या कपाटात लागणार आणि गाडी चालवणारा चौथ्या मजल्यावर, हे काही मला पटलं नाही. राग मानू नका.

आज मला दोनदा चालवलं. दारापासून पाण्याच्या टाकीपर्यंत आणि परत. शेजारच्या खाटेवरच्या शिंपीदादांनी टाळ्या वाजवल्या. ते स्वतः अजून उठत नाहीत, त्यामुळे टाळ्यांना जोर होता. सगळं ठीक राहिलं तर शनिवारी घरी सोडतील.

शनिवारी सुटणं मला फार जरुरीचं आहे. सोमवारी माझ्या बायकोची गाडीची परीक्षा आहे. वय एकसष्ट, परीक्षा तिसरी. पहिल्या खेपेला रिव्हर्स घेताना तिने खांब पाडला आणि दुसऱ्या खेपेला हँडब्रेक न सोडताच सगळं मैदान फिरून आली. शिकवलं मीच. म्हणजे सुरुवातीला मी. मी एवढा ओरडायचो की एक दिवस ती चौकात गाडीतून उतरली, चालत समोरच्या गल्लीतल्या दुसऱ्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गेली आणि नाव घालून आली. सगळ्या गावाला शिकवणाऱ्या माणसाची बायको दुसऱ्याकडे शिकते, हे मी दोन वर्षं सोसतो आहे. तरी परीक्षेला मैदानाच्या कुंपणाशी उभा राहतो आणि हाताने दाखवतो, आता डावीकडे, आता क्लच. या वेळीही राहणार.

तुमचा,
सत्तावीस. (मास्तर म्हटलंत तरी चालेल, सगळे म्हणतात.)


बुधवार, ११ मार्च, दुपार

मास्तर,

तुमचा आकडा सांगायची मला मुभा नाही. आज दुपारचा चहा मी निवांत बसून प्यायले, एवढं कळवते.

कपाटाबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते मी वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून ठेवलं. नऊ वर्षं तळघरात काढली, असा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

तुमच्या पत्नींना माझ्यातर्फे शुभेच्छा. कुंपणाशी उभं राहण्याचं काय ते तुमचं तुम्ही बघा.

तळघर


गुरुवार, १२ मार्च

ताई,

तुमचा चहा कळला. माझीही तब्येत खूश झाली.

आज सांगण्यासारखं विशेष नाही. सकाळपासून उचकी लागली आहे. शिंपीदादा म्हणतात कुणीतरी आठवण काढतंय, मी म्हटलं एवढा वेळ आठवण काढणारी एकच बाई आहे आणि ती सध्या समांतर पार्किंग शिकते आहे. सूप आलं होतं, गारढोण, तसंच परत पाठवलं. सिस्टर म्हणाल्या नाडी जरा पळते आहे, एकशेचार. परीक्षा जवळ आली की माझी नाडी पळतेच, त्यात नवल काही नाही. ताप मात्र नाही. काचेची नळी तोंडात धरून तिन्ही वेळा नॉर्मल.

चष्मेवाले डॉक्टर पोट दाबून गेले. "दुखतं का?" "मुळीच नाही." "शनिवारचं बघू," म्हणाले.

आज चहा कसा झाला तेवढं कळवा.

मास्तर


गुरुवार, १२ मार्च, दुपार

मास्तर,

उचकी थांबते का, की सलग चालू आहे? मधेच थंडी वाजते का? खांदा दुखतो का? पोट दाबल्यावर खरंच दुखलं नाही? सूप गार होतं म्हणून परत पाठवलंत, की ढवळत होतं म्हणून?

यातलं काहीही असेल तर ते मला कळवायचं नाही, डॉक्टरांना सांगायचं. आजच सांगा. शनिवार काही पळून जात नाही.

तळघर


शुक्रवार, १३ मार्च

ताई,

तुम्ही चहाबद्दल लिहायला विसरलात. गडबडीत असाल.

तुमच्याशी खोटं बोलवत नाही, म्हणून सांगतो. काल संध्याकाळी थंडी वाजली, दात वाजण्याइतकी. पंखा वर होता, त्याच्यामुळे असेल. डावा खांदा दुखतो, तो बहुतेक झोपेत अवघडला. ताप थोडा असावा. असावा म्हणतो, कारण मी तो सिस्टरना सापडू दिलेला नाही. चघळायला बर्फाचे खडे देतात ना, त्यांची फेरी यायच्या पाच मिनिटं आधी मी एक खडा जिभेखाली धरतो. थर्मामीटर बिचारा फसतो. चाळीस वर्षं गाड्यांच्या तपासणीला तोंड दिलंय, एवढी युक्ती येणारच.

हसलात की नाही? हे आपल्या दोघांत. डॉक्टरांना कळलं तर शनिवार गेला, आणि शनिवार गेला की सोमवार गेला. मंगळवारी सकाळी मी स्वतःच्या पायांनी परत येतो आणि हवं ते सगळं सांगतो, शब्द देतो. चार दिवसांनी असा काय फरक पडणार आहे?

पोट जरा फुगलंय. फार नाही.

मास्तर


शुक्रवार, १३ मार्च, सकाळी पावणेनऊ

मास्तर,

मी हसले नाही. काल चहा प्यायलाच नव्हता.

तुमचं पत्र घेऊन मी मोठ्या मॅडमकडे, म्हणजे हा अभ्यास चालवणाऱ्या सर्जनबाईंकडे, जाते आहे. तुम्ही विश्वासाने लिहिलंत, हे मला कळतं. माफ करा, किंवा करू नका.

तोवर बर्फ तोंडात घालू नका. पाणीसुद्धा घेऊ नका.


रविवार, १५ मार्च

तळघरातल्या बाईंना,

मी सत्तावीस नंबरची बायको. ह्यांच्या उशीखाली तुमची पत्रं सापडली, त्यातलं शेवटचं फोडलेलंच नव्हतं. ते मी फोडलं. दुसऱ्याचं पत्र वाचायची मला सवय नाही, पण पाकिटावर 'लगेच वाचा' असं लिहिलेलं होतं आणि ह्यांना शुद्ध नव्हती.

तुम्हाला वरचं कुणी कळवलं असेल-नसेल म्हणून लिहिते. शुक्रवारी सव्वानऊला मोठ्या मॅडम स्वतः चौथ्या मजल्यावर आल्या. ह्यांनी "मुळीच दुखत नाही" सुरू केलं, तर त्या म्हणाल्या, "मास्तर, तोंड उघडा आणि दहा मिनिटं काहीही न खाता बसा." दहा मिनिटांनी ताप मोजला, एकशेदोनच्या वर निघाला. साडेदहाला स्कॅन झाला. जोडाला मोहरीएवढं भोक पडलेलं होतं. दुपारी पुन्हा ऑपरेशनला नेलं. आतलं सगळं धुऊन काढलं आणि जोडाला विश्रांती मिळावी म्हणून आतडं तात्पुरतं पोटावर काढून पिशवी लावली. तीन महिन्यांनी पुन्हा आत घालतील. चष्मेवाले डॉक्टर मला म्हणाले, घाण अजून पोटभर पसरली नव्हती. दोन दिवस उशीर झाला असता तर मी तुमच्याशी वेगळ्या शब्दांत बोललो असतो, असं म्हणून ते खाली बघायला लागले. तरुण आहेत, त्यांना अजून असं बोलायचा सराव नसावा.

काल हे जागे झाले. पहिला प्रश्न, "कुणी सांगितलं?" मी म्हटलं, झोपा.

उद्याच्या परीक्षेला जायचं नाही असं मी ठरवलं होतं. नवरा आयसीयूत आणि आपण गाडी फिरवायची, बरं दिसत नाही. मग तुमचं पत्र वाचलं, मोठ्या मॅडमना जाऊन विचारलं, आणि मला बर्फाची हकिगत कळली. बाई, मी पस्तीस वर्षं बालवाडी चालवते. थर्मामीटरला फसवणारी चार वर्षांची मुलं मी पाहिली आहेत. सदुसष्ट वर्षांचं पहिल्यांदा पाहिलं, तेही माझ्यासाठी. मला इतका संताप आला की ठरवून टाकलं, उद्या जाणारच.

तुमचे उपकार कसे मानायचे ते मला नंतर सुचेल.

बालवाडीच्या बाई


बुधवार, १८ मार्च

प्रयोगशाळा तंत्रज्ञ यांस,

आयसीयूतून वॉर्डात आलो. खाट तीच आहे.

माझ्या फाइलीत माझंच पत्र टाचून ठेवलं आहे. 'हे आपल्या दोघांत' या ओळीखाली कुणीतरी लाल पेनने रेघ मारली आहे. चष्मेवाल्या डॉक्टरांनी मला ती ओळ वाचून दाखवली. त्यांना हसू आवरत नव्हतं. सिस्टर आता ताप काखेत मोजतात आणि मोजून होईपर्यंत माझा हात धरून उभ्या राहतात. शिंपीदादा मला 'बर्फवाले' म्हणतात.

पोटावर पिशवी आहे. तिची माझी अजून ओळख व्हायची आहे. सोमवारी मी मैदानावर नव्हतो. निकाल काय लागला ते बायको सांगत नाही. म्हणते, "आधी तळघरात पत्र लिहा, मग सांगते." म्हणून लिहितो आहे.

तुम्ही जे केलंत त्याने माझा जीव वाचला, असं सगळे म्हणतात. वाचला असेल. पण ते पत्र मी डॉक्टरला लिहिलं नव्हतं, तुम्हाला लिहिलं होतं. लहानपणापासून चहाडखोराचा मला तिटकारा आहे. एवढंच सांगायचं होतं.

सत्तावीस


गुरुवार, १९ मार्च

मास्तर,

तुमचा राग बरोबर आहे. तो जावा म्हणून हे लिहीत नाही. तुम्हाला माहीत असावं म्हणून लिहिते.

तुमच्या आधी एक एकोणीस नंबर होते. तिसऱ्या दिवशी त्यांचे दोन्ही आकडे उतरायचे सोडून चढले, चौथ्या दिवशी आणखी चढले. मी ते वहीत नीट लिहिले, वही कपाटात ठेवली आणि घरी गेले. नियम तोच होता. आठव्या दिवशी ते वॉर्डात कोसळले. दोन ऑपरेशनं झाली आणि सात आठवडे ते इस्पितळात होते. वाचले, पण स्ट्रेचरवरून घरी गेले. मला कुणी एका शब्दाने बोललं नाही. मी नियमाप्रमाणेच वागले होते ना. बोललं असतं तर बरं झालं असतं.

तुमचा आकडा गुरुवारी चढला. तसाच. त्या दिवशी चहा तसाच टेबलावर राहिला आणि त्याबद्दल तुम्हाला लिहिणं मी मुद्दाम टाळलं. शुक्रवारी सकाळी तो आणखी चढला. तुमचं पत्र तेव्हा खिशातच होतं, अजून वाचलेलं नव्हतं. मी मोठ्या मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "आकडा एकोणीसचा चढला होता तसा बावीसचाही चढला होता. बावीस नंबर सहाव्या दिवशी चालत घरी गेले. नुसत्या आकड्यावर मी कुणाला पुन्हा टेबलावर घेत नाही. वॉर्डात काही वेगळं आहे का? नाडी, ताप, काही?"

नोंदीत ताप नव्हता, तुम्ही कबूल केलेलं आहेच. मी फोन ठेवला, तुमचं पत्र काढून उभ्याउभ्या वाचलं आणि जिन्याने वर गेले. मॅडमनी ते दोनदा वाचलं. मग वही मागितली आणि पत्राशेजारी ठेवली. म्हणाल्या, "चला." बस, एवढंच झालं.

माझ्या वहीने एकटीने तुम्हाला वाचवलं नाही, मास्तर. त्यात तुमच्या पत्राचाही वाटा होता. तुम्ही खोटं बोलायला कुणीतरी निवडलंत आणि खरं बोलायलाही कुणीतरी निवडलंत. दुसरी मी निघाले.

विश्वास मोडला हे खरं आहे. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा मोडीन.

तळघर


सोमवार, २३ मार्च

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा मनात वाचलं आणि एकदा बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं. 'पुन्हा मोडीन' पर्यंत आलो तेव्हा ती म्हणाली, "ही बाई मला आवडली." मला मात्र एकोणीस नंबर डोळ्यांपुढून हलेनात. माझ्या जागी तेच असते, त्यांनीही कुणाला चिठ्ठी लिहिली असती, तर.

चहाडखोर हा शब्द मी परत घेतो. तो लिहिताना पोटात दुखत होतं, असं समजा. खरं तर त्या दिवशी पोट फारसं दुखत नव्हतं, लाज वाटत होती.

आता निकाल ऐका. बायको पास झाली. तिने सांगितलं तसं सांगतो. परीक्षक शेजारी बसला. हिने मैदानाकडे बघितलं तर कुंपणाशी कुणी नाही. क्षणभर तिला रडू आलं. मग तिच्या ध्यानात आलं की आता कुंपणाकडे बघायचं नाही, समोर बघायचं. रिव्हर्स घेतला, खांब जागेवर राहिला. हँडब्रेक सोडला, चढावर गाडी थांबवली, पुन्हा काढली. परीक्षक म्हणाला, "बाई, मागच्या दोन्ही वेळांना तुम्ही सारख्या कुंपणाकडे का बघत होतात?" ही म्हणाली, "तिथे एक माणूस उभा असायचा. सारखे हातवारे करायचा."

"कोण होता?"

"ओळखीचा होता," म्हणाली.

म्हणजे ज्या गोष्टीसाठी मी बर्फ चघळला, ती मी नव्हतो म्हणून झाली. हे मी शिंपीदादांना सांगितलं तर ते एवढे हसले की सिस्टरनी येऊन त्यांचे टाके तपासले.

उद्या मला घरी सोडणार आहेत. खरंखुरं सोडणार, ताप बघून.

जायच्या आधी एक काम केलं. मोठ्या मॅडमच्या नावाने अर्ज लिहिला आहे. 'मी या अभ्यासातला सत्तावीस नंबर. माझ्या पोटातलं पाणी मी खुशीने दिलं. त्याने सांगितलेली बातमी कपाटात राहू नये, एवढं माझं म्हणणं आहे. आकडे चुकतात, हे मला सांगितलेलं आहे. माणसंही चुकतात. मी स्वतः मुद्दाम चुकलो. दोघांना एकमेकांशी बोलू द्यावं.' खाली सही केली. शिंपीदादांनीही केली, त्यांचा या अभ्यासाशी काही संबंध नसताना.

तुमचा,
मास्तर


शुक्रवार, २६ जून

ताई,

घाईत चार ओळी. परवा पिशवी काढली आणि आतडं आत घातलं. काल रात्री पोट वाजलं. सिस्टर म्हणाल्या, वाजणं चांगलं. या खेपेला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला मी खरं उत्तर देतो आहे, इतकं खरं की डॉक्टर आता प्रश्न कमी विचारतात. काल मी त्यांना गुडघ्याचंही सांगितलं.

तुमच्याकडचं काय? अर्जाचं पुढे काही झालं का, की तोही कपाटात गेला?

मास्तर


गुरुवार, २ जुलै
तळघर

मास्तर, सप्रेम नमस्कार,

तुमची तब्येत मावशी रोज सांगतात, न विचारता. तुमच्या गुडघ्याचं आता साऱ्या इमारतीला माहीत आहे.

अर्ज कपाटात गेला नाही. मॅडमनी तो परवानगी देणाऱ्या समितीपुढे ठेवला, सोबत एकोणीसची, बावीसची आणि तुमची पानं जोडली. तीन बैठका झाल्या. एक सदस्य म्हणाले की मधेच नियम बदलला तर अभ्यास बिघडतो. मॅडम म्हणाल्या, "बिघडतो. मी तसं लिहून देईन, आणि पुढचा अभ्यास नव्या नियमाने नीट मांडेन." मे महिन्यापासून असं ठरलं आहे की दोन्ही आकडे लागोपाठ दोन दिवस चढले, तर मी वॉर्डात फोन करायचा. फोनवर मी आकडा सांगायचा, मत सांगायचं नाही. पुढचं डॉक्टरांनी ठरवायचं, नाडी, ताप, पोट, हवं तर स्कॅन बघून. आणि ताप काखेत मोजायचा, हे वॉर्डाने आपणहून घातलं.

लाल दिवा उगाचही लागतो, तेही सांगते. एकतीस नंबरला माझ्या फोनमुळे स्कॅनला नेलं आणि काही निघालं नाही. त्या गृहस्थांनी मावशींच्या हाती निरोप पाठवला, की तळघरातल्या बाईंना म्हणावं, माझी सकाळची झोप भरून द्या. मी दोन दिवस खट्टू होते. मॅडम म्हणाल्या, "झोप मोडली, एवढंच ना?"

मग गेल्या महिन्यात चौतीस आल्या. बाई आहेत, एवढंच मला कळलं. दुसऱ्या दिवशी आकडे चढले, तिसऱ्या दिवशीही. मी फोन लावला. वर लगेच कुणीतरी तो उचलला आणि म्हणालं, "बोला तळघर." मी दोन आकडे सांगितले. पलीकडून ते परत वाचून दाखवले गेले. त्यांना ताप नव्हता, दुखत नव्हतं, त्या खाटेवर बसून केस विंचरत होत्या. तरी स्कॅन केला. टाचणीच्या टोकाएवढी गळती सापडली. पोट उघडावं लागलं नाही, पिशवीही नाही. औषधं, तोंडाने काही द्यायचं नाही आणि नळीतून निचरा, एवढ्यावर भागलं.

पुढचे सोळा दिवस त्यांची कुपी रोज सातला येत होती. मी मोजत होते. आकडे एकेक पायरी उतरत होते, मधे दोन दिवस अडले, पुन्हा उतरले. त्या बाई कोण, काय करतात, घरी कोण वाट बघतंय, मला काही ठाऊक नाही. त्यांनी एकही चिठ्ठी पाठवली नाही.

आज सकाळी मावशींनी डबा ठेवला आणि मी झाकण काढलं. तेहतीस होती, पस्तीस होती, छत्तीस होती. चौतीसची जागा रिकामी होती. मी काही विचारायच्या आधीच मावशी दारातून म्हणाल्या, "त्यांची नळी काल काढली. आत्ता जिन्यात भेटल्या. स्वतःची कपड्यांची पिशवी स्वतःच उचलून चालल्या होत्या, घरी."